‘ती’कडून ‘मी’कडे

१

लेखनाच्या वर्गात पहिल्या दिवशी मी ‘आई’ हा विषय देत असे. गेली काही वर्षं देत नाही. ‘आई’ म्हटलं की वीस जणींच्या वीस वह्यांत एकच बाई उभी राहते. ती पहाटे चारला उठते, सगळ्यांच्या मागून जेवते, तापलेल्या कपाळावर हात ठेवते आणि स्वतःसाठी कधी काही मागत नाही. लिहिणाऱ्या बहुतेक जणी स्वतः आई असतात. तरी वहीतली ती बाई आणि पोळ्या उरकून, डबे भरून, धापा टाकत वर्गात आलेल्या या बायका यांची जणू कधी गाठच पडलेली नसते.

म्हणून एका वर्षी मी विषय बदलला. म्हटलं, मूल झाल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतली फक्त पाच मिनिटं लिहा. कुठलीही पाच. तिशीच्या एका बाईने अर्धं पान लिहिलं. बाळ रडायचं थांबत नव्हतं आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने त्याला पाळण्यात ठेवलं, मोरीत जाऊन आतून कडी लावली आणि बादलीत नळ मोठा सोडला. रडणं कानावर पडू नये म्हणून. बादली भरून वाहायला लागली तरी ती तशीच उभी होती. मग नळ बंद करून बाहेर आली आणि बाळाला उचललं. गोष्ट एवढीच. पण वाचताना मी एका शब्दाशी अडले. तिने लिहिलं होतं, ‘आपण मोरीत जातो, आपण नळ सोडतो, मग आपल्याला काही ऐकू येत नाही.’ सगळं तिच्या हातून घडलेलं, आणि अख्ख्या पानात ‘मी’ कुठेच नाही.

बायकांच्या बोलण्यातला हा ‘आपण’ मोठा कामाचा शब्द आहे. ‘आपल्याला नाही बाई जमायचं’, ‘आपण कशाला मध्ये पडा’. त्यात नम्रता असते, सोय असते आणि आडोसाही असतो. तिने वाचून दाखवल्यावर वर्गात कुणी काही बोललं नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन मी अमेरिकन कवयित्री एड्रियन रिच यांचा १९७१ सालचा एक निबंध पुन्हा काढला. त्यात त्या स्वतःच्या जुन्या कवितेविषयी एक कबुली देतात : ती कविता लिहिताना ‘मी’ म्हणण्याचं धैर्य आपल्यात नव्हतं, म्हणून कवितेतली बाई सगळीकडे ‘ती’ आहे. ‘ती’ काय आणि ‘आपण’ काय, आडोसा एकच. मराठीतून रिच यांच्यावर पुस्तक लिहावं हे त्या संध्याकाळी ठरलं.

२

एड्रियन रिच यांचा जन्म १६ मे १९२९ चा, अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा. वडील जॉन्स हॉपकिन्समध्ये विकृतिशास्त्राचे नामांकित प्राध्यापक. आई पियानोवादक आणि संगीतकार, पण लग्नानंतर मैफली सुटल्या आणि ती सारी साधना दोन मुलींच्या शिक्षणात गेली. मुलींनी चौथीपर्यंतचे धडे घरातच गिरवले. वडिलांच्या ग्रंथसंग्रहात वाढलेली ही मुलगी वडिलांना आवडेल अशी नेटकी, घोटीव कविता लिहायला शिकली. १९५१ मध्ये रॅडक्लिफ कॉलेजातून पदवी घेतली त्याच वर्षी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी येल विद्यापीठाच्या तरुण कवींच्या मालेसाठी त्यांचा पहिला संग्रह निवडला. वयाच्या बाविसाव्या वर्षी एवढं कौतुक वाट्याला आलं.

१९५३ मध्ये हार्वर्डमधल्या एका अर्थशास्त्रज्ञाशी लग्न झालं आणि १९५५, १९५७ आणि १९५९ अशा तीन वर्षी तीन मुलगे झाले. पहिल्या वेळचा एक प्रसंग त्यांनीच लिहून ठेवला आहे. मुलांच्या एका जुन्या, प्रतिष्ठित शाळेने त्यांना काव्यवाचनाला बोलावलं होतं. त्या तारखेला बाईंना सातवा महिना असेल हे कळल्यावर शाळेच्या प्रमुखांनी निमंत्रण मागे घेतलं. असं पोट समोर असताना मुलांचं कवितेकडे लक्ष लागणार नाही, असं कारण दिलं. १९५५ सालची ही गोष्ट. कवयित्री चालत होती, गर्भारपणही चालत होतं. दोन्ही एका देहात मात्र चालत नव्हतं.

पुढची आठ वर्षं लिहिणं म्हणजे उष्टावळ वेचणं होतं. मूल झोपलं असताना, ग्रंथालयात मिळालेल्या एखाद्या तासात, पहाटे तीनला रडणाऱ्या मुलासाठी उठल्यावर. ‘स्नॅपशॉट्स ऑफ अ डॉटर-इन-लॉ’ ही त्यांची कविता अशा तुकड्यातुकड्यांत दोन वर्षं लिहिली गेली. ज्या कवितेत ‘मी’ नाही असं त्या म्हणतात ती हीच. या शीर्षकातली सून मराठी वाचकाला अर्थासकट लगेच भेटते. त्या नावाचा संग्रह १९६३ मध्ये आला तेव्हा समीक्षकांना तो रुचला नाही. गुणी मुलगी सुरात गात होती तोवर कौतुक होतं.

तिसऱ्या बाळंतपणानंतर रिच यांनी आपणहून मूल बंद करणारं ऑपरेशन करून घेतलं. विशीपासून त्यांना संधिवात होता. तरी या ऑपरेशनसाठी डॉक्टरांच्या मंडळापुढे अर्ज करावा लागला आणि त्यावर नवऱ्याची सही लागली. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर एका परिचारिकेने तक्ता पाहून जो टोमणा मारला तो गुराढोरांच्या भाषेतला होता. हे वाचताना मला र. धों. कर्वे आठवले. मुंबईत १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं आणि मूल हवं की नको हे बाईने ठरवायचं, ही गोष्ट आयुष्यभर मराठीतून सांगितली. त्यांनी त्यासाठी केवढं सोसलं हे आपल्याला माहीत आहे. बॉस्टन असो वा गिरगाव, बाईचं गर्भाशय ही दहा जणांनी चर्चा करायची गोष्ट होती.

३

रिच यांची ओळख सहसा कवयित्री आणि स्त्रीवादी विचारवंत अशी करून दिली जाते. या पुस्तकात मी त्यांच्याकडे मुख्यतः शिक्षिका म्हणून पाहते आहे. माझ्या मते त्यांच्या स्त्रीवादाची आणि आईपणावरच्या चिंतनाची किल्ली त्यांच्या वर्गात आहे.

१९६६ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला आलं. रिच यांनी आधी स्वॉर्थमोर आणि कोलंबियासारख्या संस्थांत शिकवलं. तिथले विद्यार्थी पुस्तकांत वाढलेले होते. १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, त्या हार्लेममधल्या सिटी कॉलेजात ‘सीक’ नावाच्या उपक्रमात शिकवू लागल्या. गरीब वस्त्यांतल्या, बहुतांशी कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन मुलामुलींना कॉलेजच्या शिक्षणापर्यंत आणण्यासाठी तो सुरू झाला होता. तिथल्या लेखनवर्गांची धुरा मिना शॉनेसी यांच्याकडे होती. विद्यार्थ्यांच्या चुकांमागेही विचाराची एक रीत असते आणि शिक्षकाने ती समजून घ्यायला हवी, हे त्यांनी पुढे १९७७ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात मांडलं. ऑड्री लॉर्ड, जून जॉर्डन, टोनी केड बाम्बारा या कृष्णवर्णीय लेखिकाही त्याच कॉलेजात शिकवत होत्या. १९६९ च्या वसंतात विद्यार्थ्यांनी संप करून कॉलेज बंद पाडलं. मागणी होती प्रवेशाची दारं सगळ्यांना उघडण्याची. १९७० पासून ती उघडली.

या वर्गांवर रिच यांनी १९७२ मध्ये एक दीर्घ निबंध लिहिला. समोर बसलेली मुलं आयुष्याने तरबेज झालेली होती. त्यांना बोलायला पुष्कळ होतं, पण शाळेने बारा वर्षं एकच शिकवलं होतं : तुझी भाषा चुकीची आहे. मग प्रमाण भाषेचं व्याकरण शिकवायचं की नाही? शिकवलं नाही तर दार बंद, आणि शिकवताना त्यांच्या भाषेला हीन ठरवलं तर माणूसच बंद. रिच या पेचाला सोपं उत्तर देत नाहीत. भाषा हाती असणं म्हणजे सत्ता हाती असणं, हे त्या विसरत नाहीत, आणि ज्याला आपला अनुभव लिहिण्याजोगा वाटत नाही त्याला व्याकरण देऊन उपयोग नाही, हेही विसरत नाहीत. ‘न’ आणि ‘ण’वरून वर्गात कुणाचं तरी हसं झालेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हा पेच दूरदेशीचा वाटायचं कारण नाही.

पुढे १९७६ च्या सुमाराला त्या न्यू जर्सीत रट्गर्स विद्यापीठाच्या डग्लस कॉलेजात आल्या. ते तेव्हा मुलींचं कॉलेज होतं. १९७७ मध्ये तिथल्या विद्यार्थिनींपुढे त्यांनी भाषण केलं, त्याचा गाभा असा की शिक्षण पदरात पडण्याची वाट बघू नका, ते आपला हक्क म्हणून मागून घ्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका व्याख्यानात त्यांनी सांगितलं की हार्लेमच्या वर्गात जे प्रश्न पडले होते तेच मुलींना शिकवताना पुन्हा समोर आले. वर्गातल्या बाईचा आवाज ऐका, असं त्या शिक्षकांना सांगतात. तो कुठे खाली येतो, कुठे माफी मागतो, कुठे वाक्य अर्ध्यावर सोडतो ते पाहा. ती जे सांगू पाहते आहे त्यासाठी पुस्तकी भाषेत शब्दच नसेल, म्हणूनही ती अडखळत असेल.

हे वाचलं आणि मोरीतल्या नळाचा तो कागद डोळ्यांसमोर आला. त्या कागदावर मी आधी लाल शाईने खूण केली होती, सर्वनाम सुधारा म्हणून. रिच वाचल्यावर कळलं की प्रश्न व्याकरणाचा नाही. ‘मी’ म्हणायला जागा आहे असं तिला वाटलंच नव्हतं, आणि ती जागा करून देणं हे लेखन शिकवणाऱ्याचं पहिलं काम असतं.

४

१९७० च्या शरदात रिच यांच्या पतीने आयुष्य संपवलं. दोघं नुकतेच वेगळे राहू लागले होते. मुलगे पंधरा, तेरा आणि अकराच्या आसपास. या दुःखाचं प्रदर्शन रिच यांनी कधी मांडलं नाही आणि मीही तिथे रेंगाळणार नाही. कविता लिहिणं, शिकवणं आणि तीन मुलांना एकटीने वाढवणं चालू राहिलं. १९७३ मध्ये ‘डायव्हिंग इन्टू द रेक’ हा संग्रह आला आणि त्याला १९७४ चं नॅशनल बुक अवॉर्ड ॲलन गिन्सबर्ग यांच्यासह विभागून मिळालं. रिच यांनी ते एकटीने घेतलं नाही. ऑड्री लॉर्ड आणि ॲलिस वॉकर याही त्या वर्षी नामांकनात होत्या. तिघींनी मिळून एक निवेदन लिहिलं आणि ज्यांचा आवाज कुणी ऐकला नाही त्या सगळ्या स्त्रियांच्या वतीने तो सन्मान स्वीकारला. या तिघी लेखिका होत्या, शिक्षिका होत्या आणि तिघींच्या घरी मुलं वाढत होती.

मग १९७६ मध्ये ‘ऑफ वुमन बॉर्न’ प्रसिद्ध झालं. या पुस्तकाचा कणा म्हणजे एक भेद. बाईचं आपल्या प्रजननशक्तीशी आणि मुलांशी असलेलं नातं हा एक अनुभव आहे, आणि ते नातं पुरुषांच्या ताब्यात राहावं म्हणून उभी केलेली व्यवस्था ही एक संस्था आहे. दोन्हींना आपण एकाच नावाने हाक मारतो, तिथे घोटाळा होतो. हा भेद इंग्रजीत समजावून सांगायला रिच यांना उपशीर्षक लागलं. मराठीत त्यासाठी दोन शब्द तयारच आहेत : आईपण आणि मातृत्व. ‘आईपण निभावताना जीव मेटाकुटीला आला’ असं आपण म्हणतो, ‘मातृत्व निभावताना’ असं कुणी म्हणत नाही. मातृत्वाचा गौरव होतो, सोहळा होतो, त्यावर भाषणं होतात. आईपणाला रात्री तीनला उठावं लागतं. या पुस्तकात अनुभवासाठी मी ‘आईपण’ आणि संस्थेसाठी ‘मातृत्व’ हेच शब्द शेवटपर्यंत वापरले आहेत.

रिच यांचं पुस्तक स्वतःच्या रोजनिशीतल्या नोंदींनी सुरू होतं. पोटच्या मुलांवरचा जीव आणि त्यांच्याबद्दलचा संताप त्या नोंदींत शेजारी शेजारी आहेत. आणि इथे ‘ती’ नाही. इथे सरळ ‘मी’ आहे. मग हा ‘मी’ इतिहासात उतरतो. बाळंतपण सुइणींच्या हातून डॉक्टरांच्या हातात कसं गेलं, चिमट्याची युक्ती इंग्लंडमधल्या चेंबरलेन घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या गुप्त ठेवून त्यावर पैसा कसा केला, शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत आणि सूतिकाज्वराने बायका कशा मरत, १८४७ मध्ये व्हिएन्नात झेमेलवाइस यांनी हात धुवायला लावून मृत्यू खाली आणले तरी त्यांचं म्हणणं कसं धुडकावलं गेलं, हे सगळं त्या सांगतात. स्वतःच्या रोजनिशीला आणि वैद्यकाच्या इतिहासाला एकाच पुस्तकात, एकाच तोलाने बसवणं हे त्या काळी विद्वानांना खपणारं नव्हतं. रिच यांनी जे विद्यार्थ्यांना सांगितलं ते स्वतः केलं. अनुभव हाही पुरावा आहे.

त्यातला उन्हाळ्याचा प्रसंग मला सर्वांत प्रिय आहे. नवरा कामासाठी परदेशी, आणि व्हरमाँटमधल्या एका घरात त्या तीन मुलांबरोबर काही आठवडे राहतात. वेळापत्रक गळून पडतं. भूक लागेल तेव्हा जेवण, झोप येईल तेव्हा झोप. एका रात्री उशिरा सिनेमा पाहून गाडीने परतताना मागे तिन्ही मुलं झोपली आहेत, रस्ता नागमोडी आणि निःशब्द आहे, आणि आईला टक्क जाग आहे, आनंदाची जाग. मुलं तीच, काम तेच, आईही तीच. फक्त ‘चांगली आई’ नावाचा पहारेकरी रजेवर गेलेला. शाळा सुरू होतात, तो परत येतो आणि दार लागतं. आईपण आणि मातृत्व यांतला फरक सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

याच पुस्तकात १९७५ मधल्या एका संध्याकाळची नोंद आहे. काही कवयित्री एकत्र बसल्या आहेत, कुणाकुणाची मुलं शेजारच्या खोलीत खेळत किंवा झोपलेली आहेत. बोलणं कवितेवरून गावातल्या एका प्रकरणाकडे वळतं. आठ मुलांच्या एका आईने, वर्षानुवर्षं नैराश्यात असताना, आपल्या दोन धाकट्या मुलांना मारलं होतं. रिच लिहितात की त्या खोलीतल्या ज्या ज्या बाईला मूल होतं तिला तिला त्या आईत स्वतःचा काही अंश दिसला. इथे त्या कृत्याचं समर्थन नाही. एवढी वेळ येईपर्यंत ती बाई कुणाला दिसली कशी नाही, हा प्रश्न आहे. हिंसेवरचं शेवटचं प्रकरण त्या प्रश्नातून लिहिलं गेलं.

५

या पुस्तकाला मर्यादा आहेत आणि त्या झाकायची मला गरज वाटत नाही. आदिम काळी मातृसत्ता होती, या सुचवणुकीसाठी रिच यांनी ज्या ग्रंथांचा आधार घेतला ते आज फारसे टिकत नाहीत. दुसरी मर्यादा अधिक जिव्हाळ्याची आहे. लहानपणी त्यांना एका कृष्णवर्णीय दाईने सांभाळलं होतं, तिच्याविषयी पुस्तकात प्रेमाने लिहिलेला एक भाग आहे. १९८६ च्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच टीप जोडली की तो भाग फार वैयक्तिक झाला, गोऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बाईची खरी परिस्थिती त्यात आली नाही. स्वतःचा कागद असा पुन्हा हातात घेऊन तपासणं ही शिक्षिकेची सवय आहे.

ही टीप आपल्यालाही लागू पडते. योगायोग असा की त्याच १९८६ साली बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आलं. पुढे २००३ मध्ये ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ आलं. त्यात बांबूच्या टोपल्या विणत संसार ओढणारी आई आहे, आणि लेकीचं लेखन त्याच विणीशी नातं सांगतं. ‘श्यामची आई’वर पोसलेल्या वाचकाला या आया वेगळ्या वाटतात. इथे मायेला भुकेपासून आणि जातीपासून वेगळं काढता येत नाही. आपलं मूल झोपडीत ठेवून दुसऱ्याचं सांभाळायला जाणाऱ्या बाईचं आईपण कुठल्या सोहळ्यात बसतं, हा प्रश्न या आत्मकथनांनी मराठीला आधीच विचारला आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या भाषेने रिच यांच्यासाठी राखून ठेवली आहे असं मला वाटतं. आपण ज्ञानेश्वरांना माऊली म्हणतो. विठ्ठलाला विठाई म्हणतो. वारीत अनोळखी पुरुषाच्या पायाला पाय लागला तरी तोंडून ‘माऊली’ येतं. जपणं, सांभाळणं, वाट पाहणं हा गुण बाईच्या देहाला जन्माने चिकटलेला नाही, तो कुणीही अंगी बाणवू शकतो, हे वारकऱ्यांच्या बोलण्यात शतकानुशतकं आहे. रिच हेच म्हणत होत्या की संस्था मोडली तर आईपण मोडत नाही, ते मोकळं होतं. अडचण इतकीच की वारीहून परतलेला माऊली घरी आल्यावर ताट वाढून घ्यायला बसतो.

६

पुढच्या प्रकरणांची रचना साधी आहे. पहिला भाग रिच यांच्या वर्गांविषयी, दुसरा ‘ऑफ वुमन बॉर्न’विषयी, तिसरा १९७६ नंतरच्या आयुष्याविषयी : लेखिका मिशेल क्लिफ यांच्याबरोबरचं सहजीवन, समलिंगी प्रेमावर त्यांनी निर्भयपणे लिहिलेलं गद्य आणि पद्य, कॅलिफोर्नियातली शिकवण्याची वर्षं, १९९७ मध्ये सरकारी कलापदकाला दिलेला नकार आणि २७ मार्च २०१२ रोजी सांताक्रूझमध्ये झालेला अंत. त्यांच्या कवितांचे अनुवाद मी दिलेले नाहीत. ते काम कवीच्या हातून व्हावं.

पुस्तक वाचताना एक दृश्य जवळ ठेवावं. रिच यांचा एक मुलगा एकविसाव्या वर्षी आईच्या जुन्या रोजनिशीतल्या त्या संतापाच्या नोंदी वाचतो. तो दुखावत नाही. आईला म्हणतो की आमच्यावर तुझं सतत, प्रत्येक क्षणी प्रेम असायलाच हवं असं तुला वाटत होतं, पण असं तर कुठल्याच नात्यात नसतं. ज्या कागदांची आईला वर्षानुवर्षं धास्ती होती ते मुलाने इतक्या सहज वाचले.

आणि तो नळाचा कागद. पुढच्या आठवड्यात मी लाल खुणेबद्दल तिची क्षमा मागितली आणि पान पुन्हा वाचायला सांगितलं. तिने वाचलं, जसंच्या तसं, ‘आपण’सकट. पुन्हा तीच शांतता. मग भिंतीशी बसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी, ज्यांनी तोवर देवळांची वर्णनं सोडून काही लिहिलं नव्हतं, वहीतून मान वर न करता म्हणाल्या, “मी रेडिओ मोठा करायचे.”